परगावी शिकणारी मुले : आनंदीबाई, श्याम आणि लंपन



या अंकासाठी आम्ही निवडलेला पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. एसएसएलसीच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही, त्यामुळे कोणी पाठांतर करत बसू नये. विषय आहे शिकण्यासाठी घर सोडून गेलेल्या मुलामुलींच्या गोष्टींचा. इंग्रजीत अशी पुस्तके ढिगाने मिळतात. कोणी बोर्डिंगच्या शाळेत जाते, कोणी साता समुद्रापलीकडे जाते, तिथे मित्र मिळतात, भांडणे होतात, आणि शेवटी सारे गोड होते. मराठीत कुमारवयाच्या वाचकांसाठी अशी पुस्तके थोडी आहेत, पण जी आहेत ती साधीसुधी नाहीत.

हा विषय आताच का काढला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची एक हुशार मुलगी दहावीनंतर पुण्याला शिकायला गेली. बेळगुंदीच्या शिवारात रताळी आणि बटाटे काढणाऱ्या घरातली मुलगी. बापाने उसनवारी करून वसतिगृहाचे पैसे भरले होते. पंधरा-वीस दिवसांतच तिची आई शाळेत आली. "सर, पोरगी फोनवर बोलत नाही, नुसती रडते," म्हणाली. आम्ही तिथूनच मुलीला फोन लावला आणि मुख्याध्यापकाला शोभेल असे भाषण केले. आईबापांचे कष्ट, खर्च झालेला पैसा, धीर, जिद्द, सगळे सांगून झाले. तिने "हो सर" म्हटले. त्यानंतर तिचे रडणे थांबले, आणि आम्हाला वाटले, आपल्या बोलण्याचा परिणाम झाला. दोन महिन्यांनी ती अंगात ताप घेऊन परत आली, आणि पुन्हा गेली नाही. तिने रडणे थांबवले नव्हते, घरी सांगणे थांबवले होते. ही चूक आमची होती आणि ती येथे लिहून ठेवतो.

पुढे केव्हातरी आम्ही योहाना स्पायरी या स्विस लेखिकेचे 'हायडी' हे पुस्तक वाचले. ते १८८० साली प्रथम जर्मन भाषेत निघाले. डोंगरावर आजोबांपाशी राहणाऱ्या हायडीला फ्रँकफर्टच्या एका श्रीमंत घरी पाठवतात. तिथे तिला वाचायला येऊ लागते. जेवण चांगले असते, माणसेही बहुतेक चांगली असतात. पण पोरीला डोंगर आठवतो, आणि रडले तर कृतघ्न ठरू म्हणून ती रडत नाही. मग रात्री झोपेत चालू लागते आणि घरातल्यांना वाटते, भूत आले. शेवटी डॉक्टर ओळखतो की हिला घरी पाठवणे हेच औषध. हे वाचताना आम्हाला पुण्याहून परतलेली ती मुलगी आठवली. पुस्तक दोन महिने आधी हाती लागले असते, तर फोनवर आम्ही कमी बोललो असतो.

आता आपल्या मराठीकडे येऊ.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलीची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी म्हणजे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ'. ती १९६८ साली प्रसिद्ध झाली. त्यावर नाटक आले आणि २०१९ साली चित्रपटही आला. पुष्कळ मुलांनी चित्रपट पाहिला आहे, पुस्तक मात्र फार थोड्यांनी वाचले आहे. कादंबरी खऱ्या माणसांची असल्यामुळे अभ्यासाला उत्तम. कादंबरीकाराने काय घेतले, काय वाढवले, कोणावर जास्त प्रकाश टाकला, हे ताडून पाहता येते.

आधी नोंदीतली हकिगत. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेर कल्याणचे जोशी, माहेरचे नाव यमुना. नऊ वर्षांच्या असताना त्यांचे लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर आणि वयाने बरेच मोठे होते. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या इच्छेचे मूळ या दुःखात सांगितले जाते.

यात आपल्या भागाचा धागा आहे, तो नीट पाहावा. गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली होती. तिथून १८७८ साली त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले, की पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, काही मदत होईल का. हे वाइल्डर स्वतः अनेक वर्षे कोल्हापुरात राहून मायदेशी परतलेले. त्यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले, वर धर्मांतराचा उपदेशही केला. मासिकाचा अंक न्यू जर्सीच्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती पडला, तोही दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रव्यवहार वाढला, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मुलांनो, हा शब्द अधोरेखित करा. अजून समोरासमोर भेट नाही, भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि नाते जोडले ते मराठी शब्दाने. परगावी घर उभे राहते ते असे, एखाद्या माणसाला आपल्या भाषेतले नाव दिले की.

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीत भाषण केले. वय अठरालाही महिनाभर कमी. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी स्वतःला विचारले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का जाते, इथे शिकण्याची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जातीतून वाळीत टाकले तर काय, संकट ओढवले तर काय. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही त्यांनी सांगितले. आजचा कोणता मुलगा किंवा मुलगी गाव सोडण्याआधी असे प्रश्न कागदावर मांडते? आम्ही तर फीचा आकडा आणि बसचे वेळापत्रक एवढेच विचारतो.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. नवरा बरोबर नव्हता. सोबतीला मिशनरी बायका होत्या, आणि ती सोबत सुखाची नव्हती. मावशींच्या घरी मात्र त्या रमल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिथे थंडी, आपले अन्न नाही, आणि खोलीतली शेगोटी धड पेटत नसे, पेटली तर धूर कोंडे. नऊवारीत थंडी भागत नाही म्हणून साडी नेसण्याची पद्धत बदलावी लागली, आणि एवढ्यावरूनही नवऱ्याची नाराजी पत्रातून येई. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या.

त्या महाविद्यालयातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८५ सालच्या त्या छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी तीन टोकांच्या. आमच्या शाळेच्या फळ्यावर हे चित्र लावावे असे आम्हाला फार दिवसांपासून वाटते. छपाईचा खर्च फार नाही, विश्वस्तांनी मनावर घ्यावे.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. तेच रुग्णालय म्हणजे आज आपण सगळे ज्याला सीपीआर म्हणतो ते. निपाणीकडचे कितीतरी रुग्ण अजून तिथे जातात. पण आनंदीबाईंना तिथे कामावर रुजू होता आले नाही. क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत तिच्यावर दगड उभा आहे.

आता कादंबरी. तिच्या नावात दोन नावे आहेत आणि वाचताना लक्षात येते की दुसरे नाव पहिल्यावर सारखे मात करते. गोपाळराव विक्षिप्त, तापट, ध्येयवेडे. असे पात्र कोणत्याही लेखकाला मोहात पाडणारच. श्री. ज. जोशींनी ते जिवंत उभे केले आहे यात शंका नाही. पण आमचे मत असे, की त्यामुळे फिलाडेल्फियाच्या खोलीत एकटी बसलेली विद्यार्थिनी थोडी मागे राहते. तिची खरी पत्रे वाचली तर वेगळाच आवाज ऐकू येतो. एका पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण तिने नवऱ्याला अगदी स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. दहाव्या वर्षी काय झाले, बाराव्या वर्षी काय झाले, असे वयासकट. हजारो मैल दूर गेल्यावरच ते लिहिण्याचे धैर्य आले असावे. परगावी गेल्याने घर आठवते एवढेच खरे नाही. कधीकधी घराकडे पहिल्यांदा नीट पाहता येते, तेही दुरूनच. मोठ्या वर्गातल्या मुलींनी हा भाग आमच्याशी किंवा बाईंशी जरूर बोलावा.

या पत्रांचा फार मन लावून अभ्यास केला तो मीरा कोसंबी यांनी. आणि येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. मीराताईंचे वडील दामोदर धर्मानंद कोसंबी, थोर गणिती आणि इतिहासकार, हे स्वतः लहानपणी अमेरिकेत शिकलेले. मूळ घराणे आपल्या शेजारच्या गोव्याचे. वडील धर्मानंद बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला गेले, तेव्हा १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर गेला आणि तिथल्या शाळेत दाखल झाला. पुढे १९२९ साली हार्वर्डचीच पदवी घेतली. अकरा वर्षांच्या मराठी मुलाने बॉस्टनच्या बर्फात काय काय पाहिले असेल, यावर मुलांसाठी कादंबरी व्हायला हवी.

इंग्रजीत याची उलट बाजू आहे. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, तोही आनंदीबाईंच्याच वर्षी, १८६५ मध्ये. सहावे वर्ष पुरे होण्याआधी त्याला शिकण्यासाठी इंग्लंडला परक्या घरी ठेवले. तिथे त्याचा छळ झाला. त्यावर त्याने १८८८ साली एक कथा लिहिली. त्यातले लहान मूल घरी पत्रात तक्रार करत नाही, कारण तक्रार करता येते हेच त्याला माहीत नसते. आमच्या फोनवरच्या "हो सर" चा अर्थ आम्हाला तिथे दुसऱ्यांदा कळला.

पण परगाव म्हणजे परदेशच असे नाही. साने गुरुजींचा श्याम पालगडहून दापोलीला शिकायला जातो, पुढे औंधला हालअपेष्टा काढतो. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. आपण ते आईच्या संस्कारांचे पुस्तक म्हणून वाचतो, ते बरोबरच. पण एकदा ते शिकायला बाहेर राहिलेल्या मुलाचे पुस्तक म्हणून वाचून पाहा. आईचे सारे मोठेपण त्याला सुटीत घरी आल्यावर दिसते. आणि शेवटी तो घरी पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि आपला लंपन! प्रकाश नारायण संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांतला हा मुलगा. आईवडील दुसऱ्या गावी, आणि हा शिकायला आजी-आजोबांकडे. गाव कर्नाटकाच्या सीमेवरचे, म्हणजे आपल्या ओळखीचे. लोक बोलतात ते मराठी, पण त्यात कानडीचे हेल आणि शब्द. आमची मुले घरी जसे बोलतात तसेच. शहरातले वाचक या भाषेचे कौतुक करतात आणि आमची मुले बेळगावला गेल्यावर तीच भाषा लपवतात, याचे आम्हाला वाईट वाटते. २०२४ साली लंपनवर मालिका आली आणि गोव्याच्या चित्रपट महोत्सवात तिला पुरस्कार मिळाला. पण पुस्तकात जे आहे ते पडद्यावर पूर्ण येत नाही : त्या मुलाचे स्वतःशी चाललेले बोलणे, त्याचे ते 'मॅड', त्याचे हजारवेळा विचार करणे. त्याला आजीचा लळा आहे, मित्र आहेत, सुमी आहे, तो दुःखी नाही. तरी पुस्तकाचे नाव 'वनवास' आहे. या एका गोष्टीवर नववीच्या वर्गात तासभर चर्चा होऊ शकते आणि झालीही आहे. एक मुलगा म्हणाला, "सर, सुखातपण वनवास असतोय की." त्या दिवशी आम्ही पुढे काही शिकवले नाही.

आमच्या मुलांना अकरावीपासून परगाव लागतेच. बेळगुंदीहून सकाळची बस धरून बेळगावात उतरले, की वर्गात सारे इंग्रजीत, बाहेर फलक कानडीत, आणि मनात मराठी. मुक्कामाला घरी आले तरी दिवसभर मूल दुसऱ्या मुलखात असते. आम्हाला याची थोडी जाण आहे, कारण आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिपी तीच, म्हणून वाटले सोपे जाईल. पहिल्याच आठवड्यात कार्यालयावर 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून छातीत धस्स झाले होते. 'चेष्टा' म्हणजे तिथे प्रयत्न. प्राध्यापकांनी "चेष्टा करो" म्हटल्यावर आम्ही काय करावे ते कळेना. आज हसू येते. तेव्हा महिनाभर आम्ही वर्गात तोंड उघडले नव्हते, आणि हे घरच्या एकाही पत्रात लिहिले नव्हते.

म्हणून पालकांना विनंती, की मूल बाहेर गेल्यावर "अभ्यास कसा चाललाय" हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न जेवणाचा विचारावा, खोलीतल्या सोबत्याचा विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. विश्वस्तांना विनंती, की यंदाच्या वाचनालयाच्या रकमेत 'आनंदी गोपाळ'च्या पाच प्रती आणि लंपनचे दोन संच बसवावेत. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके एक वर्ष थांबली तरी चालतील. गावच्या साहित्य संमेलनात पुस्तकांची दुकाने लागतात, तिथे सवलतही मिळते.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी स्वाध्याय असा. नकाशावर कलकत्ता ते न्यूयॉर्क आणि पालगड ते औंध या दोन्ही वाटा काढा. मग एक पत्र लिहा. तुम्ही परगावी आहात, पहिला आठवडा संपला आहे, आणि घरी न सांगितलेली एक गोष्ट त्या पत्रात लिहायची आहे. पत्र आम्ही वाचणार नाही. पाकीट बंद करून आपल्या आईकडे द्यायचे, आणि आईची सही असलेली चिठ्ठी शाळेत आणायची.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी नंतर बेळगावातच पीयूसी झाली, नर्सिंग शिकली, आणि आता जर्मनीला जाण्यासाठी तिथली भाषा शिकते आहे. मागच्या महिन्यात शाळेत आली होती. या खेपेला आम्ही भाषण केले नाही. ती म्हणाली, "सर, यावेळी रडू आलं तर रडणार आहे." मग वाचनालयाच्या कपाटातून 'वनवास' घेऊन गेली. तिकडे बरोबर नेणार म्हणाली, आणि आम्ही हो म्हटले. त्यामुळे सध्या कपाटात त्याची एकच प्रत आहे, तीही मुखपृष्ठ सुटलेली. नववीच्या मुलांनी ती आळीपाळीने, प्रत्येकी चार दिवस, अशी वाचावी.